थर्मासात उरलेलं

आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आम्ही पलूसहून सांगलीच्या दवाखान्यात आलो. गिळताना ठसका लागायचा, म्हणून नाकातून पोटात नळी घातली. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून दर तीन तासांनी झाकणाच्या बाटलीत पातळ जेवण यायचं: दूध, मुगाचं पाणी, नाचणीचं सत्त्व, सगळं गाळलेलं. मोठ्या सिरिंजने ते हळूहळू नळीत सोडायला सिस्टरनी मला शिकवलं. ह्यांना भाकरी आमटीत कुस्करून खायची सवय. ती बाटली बघून माझ्याच घशाखाली घास उतरायचा नाही.

डॉक्टर म्हणाले होते, शनिवारी गिळायची तपासणी करू, जमलं तर नळी काढू. मी दिवस मोजत होते. एकदा माझ्यासमोर मांडी घालून बसावं आणि "आमटीत मीठ कमी हाय" म्हणून कुरकुरावं, एवढंच मला हवं होतं.

पण माझी खोड आडवी आली. ह्यांचं पोट लगेच भरायचं, बाटलीत अर्धं उरायचं. "मावशी, उरलं की ओतून द्या हं," आहार बघणारी पोरगी रोज बजावायची आणि मी मान डोलवायची. पण दूध मोरीत ओतायचं? छे! आमच्याकडे भाताचं शीतसुद्धा म्हशीच्या घमेल्यात जातं. मी उरलेलं गुपचूप थर्मासात ठेवायची आणि पुढच्या बाटलीत मिसळायची. गरम राहतंय, मग नासेल कशाला? शहाणी मोठी!

बुधवारी ह्यांना जुलाब सुरू झाले, गुरुवारी ताप चढला. पोरगीनं स्वयंपाकघरात चौकशी केली, मी हात कसे धुते ते पाहिलं; मग तिची नजर कॉटखालच्या थर्मासवर गेली. मी सगळं सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मावशी, कोमट दुधात जंतू भराभर वाढतात. वास येत नाही, तरी वाढतात. आणि काकांच्या अंगात आता ताकद कुठाय?" एवढंच बोलली. अन्न वाचवायला गेले आणि माणूस घालवायची पाळी आणली मी. शनिवारची तपासणी पुढे ढकलली.

ताप उतरल्यावर ह्यांच्या उशाशी बसले. "आवं, माज्यामुळंच झालं. म्याच शिळं घातलं तुमास्नी." वाटलं, आता तोंड फिरवतील. जीभ जड झालेली. शब्द जुळवायला लय वेळ लागला.

"तू... जेवलीस?"

"व्हय," मी खोटंच बोलले.

तपासणी व्हायच्या आधीच दुसरा झटका आला. त्यांच्या तोंडात घास घालायचा राहिला तो राहिलाच. आता एकटीपुरतं रांधते, उरलं तर निमूट टाकते. संध्याकाळी ताट वाढून घेते आणि तशीच बसून राहते. मी जेवले का, हे विचारणारं घरात कुणी नाही.