धुरपदाचं माहेरपण

सणसवाडीच्या आमच्या चाळीत दोन खोल्यांमध्ये नुसता एक पत्रा होता. शेजारी धुरपदाच्या घरात कसली फोडणी पडली, तेही मला कळायचं. मग झोपेत कुणीतरी करकर दात खातं, हे कळायला काय उशीर?

धुरपदा तेव्हा तिशीची. नवरा सावळाराम कंपनीत प्रेस मशीनवर. सकाळी पाणी भरायचं, डबे करायचे, मग स्वतः पॅकिंगच्या कामावर जायचं. संध्याकाळी उंबऱ्यावर टेकली की बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. कधी हसताना पाहिली का म्हणाल, तर मला आठवावं लागेल.

त्या वर्षी तिच्या सासूबाई, भामाबाई, भांडगावहून राहायला आल्या. सगळी हयात मेंढरांमागे गेलेली. आल्या आल्या त्यांनी आवाज ऐकला आणि निकालही लावून टाकला. "झोपंत दात खानारी सून घराची बरकत खाती." नवरा-बायको एकाच वाकळेवर झोपायची, पण लेकाकडे बोट वळेल कसं! चोर सोडून संन्याशाला फाशी.

"जंत झाल्यात तिला," म्हणून वावडिंगाचा काढा सुरू झाला. धुरपदा तो तोंड वाकडं न करता प्यायची. मला संताप यायचा. मी तिला म्हणाले, "अगं, सांग की, मी न्हाई खात दात म्हणून."

"जाऊ द्या, मोनिकाची आई. भांडायला बी अंगात बळ लागतं."

काढ्याने गुण येईना, तेव्हा भामाबाईंनी तिला खुटबावला माहेरी धाडलं. "आराम पडल्याबिगर येऊ नगंस." तिचं पॅकिंगचं कामही सुटलं. नसलेला आजार बरा कधी होणार आणि परत बोलावणं कधी येणार, हे तिला कोण सांगणार? पिशवी उचलून ती एसटीला गेली. सावळाराम दारात उभा होता.

त्याच दिवसापासून त्याला तिसरी, म्हणजे रात्रीची पाळी लागली. दुपारी तो झोपलेला, भामाबाई जोंधळे निवडत होत्या, मी दारात होते. आतून करकर सुरू झाली. भामाबाईंचा हात सुपातच राहिला. मग त्या उठल्या, लेकापाशी बसल्या आणि बाजारात मेंढीचं वय बघतात तसा त्याचा ओठ अंगठ्याने खाली ओढला. पुढचे दात कडा झिजून सपाट झालेले.

"दातावरनं वय चुकलं न्हाई माझं कवा," त्या एवढंच म्हणाल्या. सुनेचे दात मात्र एकदाही पाहिले नव्हते.

मग शिरूरच्या दातांच्या डॉक्टरकडे वारी झाली. डॉक्टर म्हणाले, हे जंतांमुळे नाही. पाळ्या बदलून झोपेचा पार खेळखंडोबा झालाय, त्यात मशीनपुढचा ताण, वर चहा-तंबाखू. झोपेत जबडा आवळला जातो, माणसाला पत्ताही नसतो. त्यांनी दातांच्या मापाची प्लास्टिकची पट्टी करून दिली, झोपताना घालायला. जबडा शेकायला सांगितला. जागेपणी ओठ मिटले तरी दात सुटे ठेवायचे. सवय सहजी जाणार नाही, पण दात वाचतील, म्हणाले.

भामाबाईंना एसटीची पाटी वाचता येईना, म्हणून खुटबावला त्या मलाच घेऊन गेल्या. धुरपदा आईच्या अंगणात भांडी घासत होती. माहेरीही तेच.

"चल घरी," भामाबाई म्हणाल्या. "दात त्योच खातोय. तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग तोंडात मूग धरलं व्हतं व्हय गं?"

धुरपदाने हातातला तांब्या विसळला, पालथा घातला.

"सांगितलं आसतं, आत्याबाई, तर ह्यास्नी कुठं धाडलं आसतं तुमी?"

धुरपदा हात पुसत पिशवी भरायला आत गेली.