भाऊबीजेच्या घोड्या

या कम्युनिटीत बऱ्याच जणांच्या घरी ट्रक आहेत, म्हणून इथेच लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाचं कशेळीला गॅरेज आहे. गेल्या भाऊबीजेला मी त्याला म्हटलं, साडी नको, गॅरेजसाठी दोन घोड्या घे, तीच माझी ओवाळणी. घोडी म्हणजे जॅकने उचललेला ट्रक ज्यावर टेकवतात तो लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रकखाली शिरायचं नसतं, हे त्यालाही माहीत आहे. घोड्या त्याने लगेच आणल्या.

आज दुपारी डबा घेऊन गेले, तर हा नुसत्या जॅकवरच्या ट्रकखाली. मी हाक मारली. तो हात पुसत बाहेर आला आणि मागे जॅक सरकून ट्रक धाडकन खाली बसला.

आधी त्याला कुठे लागलं नाही ना ते बघितलं. मग विचारलं, "घोड्या कुठायत?"

घोड्यांवर फळी टाकली होती. फळीवर दोन ड्रायव्हर चहा पीत बसले होते.

"बसलेल्या गिऱ्हाइकाला उठवू कसा?" भाऊ म्हणाला. "काय न्हाय झाला गो ताय."

मग त्याने नारळ फोडला. जॅकला हळदकुंकू वाहिलं. त्याच जॅकने ट्रक परत उचलला.

मी ड्रायव्हरांना म्हटलं, "भैया, जरा उठो." त्यांना वाटलं, मला बसायचंय. दोघांनी सरकून जागा करून दिली.

भाऊ परत खाली शिरला.

येत्या भाऊबीजेला त्याच्याकडे काय मागू, सांगा कोणीतरी.