डाव्या कडेपासून

चांद्र महिन्यातल्या सोळाव्या दिवसाची, कारखान्यांच्या पूजेची सकाळ, आणि उत्तरेचा वारा नुसता पिसाळला होता. शेनगांगच्या त्या कारखान्यांच्या गल्लीतली पत्र्याची शटरं थंडीनं दात वाजावेत तशी वाजत होती. पूजेच्या टेबलावरचं लाल कापड उडून तेलाच्या डब्यावर जाऊन पडलेलं. आ-च्यूनं ते झटकून पुन्हा अंथरलं, वर संत्री आणि बिस्किटांचे पुडे दाबून ठेवले आणि हात पुसत संगणकापुढे येऊन बसली.

खुर्ची अजून तिची झाली नव्हती. बावीस वर्षं तिनं या कारखान्यात कानस चालवली. मशीनमधून निघालेल्या प्लेटीच्या कडेला जी बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, राहते, ती घासून काढायची, दिवसाला शेकड्यांनी. बोटं अशी झिजली की फोनसुद्धा तिचा अंगठा ओळखेना. मग शेहेचाळिसाव्या वर्षी बाई भाच्याच्या वयाच्या पोरांत बसून संगणकावर ड्रॉइंग काढायला शिकली. जुना ड्रॉइंगवाला गाव सोडून गेला तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "एक काम देते. बसलं तर खुर्ची तुझी. नाही बसलं तर मी बाहेरचा माणूस आणते, आणि तू आपली कानस धर."

तेच काम आज चालू होतं. एक तळाची प्लेट, तिच्यावर बसणारं एक झाकण, दोन्हींना तीन-तीन भोकं. भोकावर भोक बसलं पाहिजे. प्लेटी संगणकाचं मशीन कापणार, ते आ-च्यूच्या फायलीतली रेघ बघतं. झाकणं चुआन मिस्त्री जुन्या ड्रिलवर करणार, ते कागदावरचा आकडा बघतात. मशीन सातलाच सुरू झालं होतं.

मिस्त्री कागद नाचवत आले. "आ-च्यू, मापं टाकलीयस की मुंग्यांची रांग लावलीयस? वीस, मग बेचाळीस, मग अडतीस, मग परत वीस. मी एका भोकाला धरून दुसरं मोजत बसू? पहिलं केसभर सरकलं की पुढची सगळी वरात सरकली."

"वर्गात असंच शिकवलं, मिस्त्री."

"वर्गातल्या मास्तरानं कधी झाकण शिकंज्यात धरलंय? मी डावी कड टेकवतो. माझं जग तिथून सुरू होतं. सगळी मापं तिथून दे."

"देते की. त्यासाठी एवढं ओरडायला हवं?"

"ओरडत नाही. कान गेलेत माझे, म्हणून तुला ऐकू जावं एवढं बोलतोय." जाता जाता त्यांनी तिच्या संगणकावर ठेवलेलं कुरमुऱ्यांचं हिरवं पाकीट उलटं करून पाहिलं. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून गल्लीत सगळेच ते ठेवतात. "याची तारीख संपत आलीय. देवाला शिळं घालून नोकरी मागतेस होय?"

आ-च्यू हसली. जुनी मापं पुसून तिनं डाव्या कडेला टिचकी मारली, मग एकेका भोकाला. संगणकानं आपणहून आकडे मांडले. वीस. साठ. शंभर.

तिचं हसू तोंडातच राहिलं. मधलं बासष्टला हवं होतं.

काल संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला होता, मधलं भोक दोन मिलिमीटर उजवीकडे घ्या म्हणून. घाईत तिनं काय केलं, तर चाळिसाच्या आकड्यावर दोनदा टिचकी मारून हातानं बेचाळीस लिहिलं, पुढच्या चाळिसाचं अडतीस केलं. बेरीज बरोबर, कागद देखणा. आकडे बदलले, भोक मात्र जागचं हललं नव्हतं. आणि पलीकडे मशीन इमानेइतबारे रेघ बघून साठावरच भोकं पाडत होतं.

मशीन जुनं होतं. गेल्याच महिन्यात ते दोनदा भरकटलं होतं. त्याच्या माथी मारलं असतं तर कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. आ-च्यूला हे एका श्वासात सुचलं, आणि दुसऱ्या श्वासाला ती मशीनपाशी पोचून लाल बटण दाबून मोकळी झाली.

आवाज थांबला तशा मालकीणबाई आतून आल्या. हातात उदबत्त्या. "काय झालं?"

"मालकीणबाई, सहा प्लेटी गेल्या. मशीन नीट आहे. मी आकडा बदलला, रेघ हलवली नाही."

त्यांनी एक प्लेट उचलून व्हर्नियर लावला. साठ. मिस्त्री नको तितक्या लक्षपूर्वक आपला ड्रिल पुसत राहिले.

"कळलं कसं?"

"मिस्त्रींनी मापं कडेपासून मागितली, तेव्हा."

"म्हणजे यांच्या कटकटीचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला म्हणायचा."

"मला सगळं ऐकू येतंय," मिस्त्री म्हणाले.

"हवं तेव्हा बरं येतं." मालकीणबाईंनी प्लेट खाली ठेवली. "रेघ हलव. मग पहिली प्लेट आणि पहिलं झाकण माझ्यासमोर बसवायचं. त्याआधी दुसरी प्लेट मशीनवर चढणार नाही."

आ-च्यूनं भोक खरोखरीचं सरकवलं. कडेचा आकडा आपसूक बासष्ट झाला, तिनं त्याला बोटही लावलं नाही. तासाभरानं मिस्त्रींनी झाकण प्लेटीवर ठेवलं आणि तीन पिना हातानंच सोडल्या. तिन्ही टुपकन खाली गेल्या. मालकीणबाईंनी त्या काढून पुन्हा एकदा स्वतः घालून पाहिल्या.

"पंपाच्या बैठकीचं ड्रॉइंग सोमवारपर्यंत हवंय," त्या म्हणाल्या. "कागद छापण्याआधी मिस्त्रींना दाखवायचा. रोज."

"रोज?" मिस्त्री कळवळले.

"खुर्ची तिची, तर कटकट तुमची."

बाहेर वाऱ्यानं लाल कापड परत उचललं आणि एक संत्रं गल्लीत घरंगळलं. आ-च्यू ते उचलून आली. मग तिनं वाया गेलेल्या सहा प्लेटींकडे पाहिलं. जड होत्या. कापडाच्या कडेवर ठेवल्या तर वाऱ्याची काय बिशाद. पण कडा धारदार, कापड फाटायचं. तिनं खणातून कानस काढली, पहिली प्लेट गुडघ्यावर धरली आणि घासायला लागली.