चौघांनी निवडलेली गाणी

अप्पा काच कानाने कापायचे. "हात काय, कुणाचाही चालतो," असं त्यांचं म्हणणं. काच कापायची हिरकणी काचेवरून ओढली की बारीक, सलग आवाज येतो. तो मध्येच पुसट झाला की समजायचं, तिथे रेघ बसलेली नाही आणि काच तिथेच दगा देणार. म्हणून काच कापायची वेळ आली की अप्पा आधी तबकडीवरची सुई उचलून ठेवत आणि एक बोट वर करत. गिऱ्हाइकाचं वाक्य तोंडातच राही. फोटोच्या फ्रेमांचं दुकान ते, एवढंसं. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने पोट आत ओढून उभं राहायचं. पण त्या बोटापुढे सगळे चिडीचूप. मग काच टक् करून दुभंगे, अप्पा सुई परत ठेवत, आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथून नाही, तर पहिल्यापासून सुरू होई.

"अर्धवट गाणं म्हणजे तीन बाजूंची फ्रेम," ते म्हणायचे.

शेजारच्या टपरीतले चावीवाले काका बसल्या जागेवरून ओरडत, "अहो, पण तुमच्याकडे शेवटचं कडवं ऐकायचं तर माणसाने मुक्कामालाच यायला हवं."

अप्पांची लेक शाळा सुटली की दुकानातच यायची. रंधलेल्या लाकडी पट्ट्यांचा वास, त्या चिकटवायच्या सरसाचं भांडं आणि अप्पांची जुनी गाणी यांतच ती वाढली. लहान होती तोवर काही वाटलं नाही. कॉलेजात गेली आणि तिला चौघं भेटले.

चौघं म्हणजे चार पोरांचा बँड. एकालाही धड दाढी नव्हती. गाणाऱ्याचा आवाज कायम सर्दी झाल्यासारखा. पण तो गायला लागला की लेकीला वाटे, हा आपल्यालाच हाक मारतोय, आणि आपण इथे सरसाचं भांडं ढवळत बसलोय. मैत्रिणीकडून आणलेली त्यांची कॅसेट तिने इतकी वाजवली की फीत दोनदा तुटली. दोन्ही वेळा अप्पांनीच ती चिकटवून दिली.

एका दुपारी तीच कॅसेट दुकानात लागली होती. अप्पा पट्टीला खिळे मारत होते. हातोडी मध्येच थांबली.

"हे परत लाव बघू."

तिला वाटलं, आवडलं. तिने फीत मागे नेली. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं.

"अगं, हे तर आपल्या त्या होडीच्या गाण्याचं पिल्लू आहे."

"कसलं पिल्लू?"

"ठेका बदललाय, चाल जरा लंगडी केलीय. पण आई तीच. थांब, तबकडी काढतो. बस इथे दोन मिनिटं."

"म्हणजे चौघांनी चोरलं, असं म्हणताय?"

"चोरलं कुठे म्हटलं? पिल्लू म्हटलं."

"अप्पा, तुम्हाला जगातलं सगळंच तुमच्या तबकड्यांच्या पेटीतून बाहेर पडल्यासारखं वाटतं. तुमच्या गाण्यांत माणसं नुसती रडतात. आणि तीही सावकाश."

बाहेरून चावीवाले काका म्हणाले, "खरं बोलली पोरगी. यांची एक बाई गेल्या महिन्यापासून रडतेय, अजून दुसऱ्या कडव्याला पोचली नाही."

दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. अप्पाही हसले, पण होडीच्या गाण्याची तबकडी त्यांच्या हातातच राहिली. लेकीने चौघांचा आवाज वाढवला. आणखी वाढवला.

त्या गिऱ्हाइकाला मोठा आरसा हवा होता, पुरुषभर उंचीचा. अप्पांनी काच मेजावर आडवी घातली, हिरकणी रॉकेलमध्ये बुडवली आणि बोट वर केलं. लेकीने ते बोट पाहिलं. पाहिलं नव्हतं, असं स्वतःला पटवायचा प्रयत्न तिने पुढे पुष्कळदा केला, पण छे. पाहिलं, आणि टेपला हात लावला नाही. अप्पा क्षणभर थांबले. मग तसेच, त्या गोंगाटात त्यांनी हिरकणी ओढली.

आरसा आडवातिडवा फुटला. चौघं गातच होते.

गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, असं कसं झालं?"

"हात चुकला," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा तबकड्यांची पेटी माळ्यावर गेली होती. पेटीच्या जागी लेकीची टेप, धूळ पुसून ठेवलेली.

"एका दुकानात एकच काहीतरी वाजावं," अप्पा म्हणाले. "तुझं वाजू दे."

तेव्हापासून काच कापायची झाली की ते बोट वर करत नसत. "जरा बंद करतेस का?" असं विचारत. दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून विचारावं तसं. लेकीला त्या वयात एवढंच कळलं, की आपण जिंकलो.

पुढे तिचं लग्न झालं. कुरिअरच्या ऑफिसात नोकरी लागली, घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. टेप तिच्याबरोबर गेली आणि अप्पांचं दुकान मुकं झालं. माळ्यावरची पेटी कुणी खाली काढली नाही. तबकड्यांची कव्हरं तेवढी अप्पांनी एकेक करून फोटोंच्या मागे पुठ्ठा म्हणून घालून संपवली. पुठ्ठा चांगला जाड होता, वाया कशाला घालवायचा. चावीवाले काका सांगत, "या गल्लीतल्या निम्म्या सासवांच्या फोटोमागे एकेक गाणारी बाई बसलीय." उघड्या पडलेल्या तबकड्या एका उन्हाळ्यात वाकल्या आणि भंगारात गेल्या.

कान जातोय हे अप्पांनाही आधी कळलं नाही. माणसांचं बोलणं ऐकू येई. गेला तो फक्त बारीक आवाज, काचेचा. काचा फुटायला लागल्या. "हल्ली कारखान्यातूनच भिकार माल येतो," असं म्हणत त्यांनी दोन वर्षं काढली. एकदा तळहात चिरला, टाके पडले. मग दुकान बंद केलं. पुढे बोलणंही ऐकू येईना, तेव्हा लेकीने कानाचं मशीन आणून दिलं. ते त्यांनी डबीत घालून, डबी कपाटात ठेवून, कपाटाला कुलूप लावलं.

"वापरत का नाही?" ती ओरडून विचारायची.

"वापरतो की. कपाटाला ऐकू येतं हल्ली."

त्यांचं हे असंच. ती हसायची, रविवारी औषधं द्यायची, निघायची.

चौघंही तोवर म्हातारे झाले होते. एकाचं पोट सुटलं, एकाचं टक्कल पडलं, कित्येक वर्षांत त्यांचं नवं काही आलं नव्हतं. आणि अचानक त्यांचा अल्बम आला. त्यात त्यांचं स्वतःचं एकही गाणं नव्हतं. ज्या गाण्यांनी त्यांना गायला लावलं, ती जुनी गाणी त्यांनी निवडली होती. मूळचे आवाज, मूळची वाद्यं. प्रत्येक गाण्याआधी चौघांपैकी एकजण दोन शब्द बोलणार, बस्स.

लेकीने फोनवर अल्बम लावला तेव्हा ती नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. आधी तो सर्दीचा आवाज आला, आता अधिकच बसलेला. "हे गाणं नसतं तर आमचं पहिलं गाणं झालंच नसतं. आमचं गाणं हे याचंच पोर. चाल जरा लंगडी केली, एवढंच."

मग वल्हं पाण्यात पडल्यासारखा ठेका, आणि एका बाईचा सावकाश आवाज.

"शर्ट जळतोय," नवरा म्हणाला.

तिने इस्त्री उचलली. दुसरं गाणं लागलं. तेही दुकानातलं. तिसरं, चौथं, सगळी दुकानातली, जणू चौघांनी अप्पांची पेटीच उपडी केली होती. आणि एक गोष्ट ध्यानात येऊन ती स्टुलावर बसली. प्रत्येक गाण्याची सुरुवात तिला तोंडपाठ होती. पहिली ओळ, दुसरी ओळ, फार तर पहिलं कडवं. त्यापुढे एक अक्षर नाही. एक तर काच कापायची निघायची, नाही तर ती उठून जायची.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"अप्पा बरोबर होते."

"कशात?"

"पिल्लू म्हणाले होते."

नवऱ्याने जळक्या शर्टाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. शहाणा माणूस.

त्या रविवारी ती नेहमीपेक्षा लवकर गेली. डाव्या कानात थोडं उरलंय, असं डॉक्टर म्हणाले होते. तेवढंही संपायच्या आत अप्पांना हे ऐकवायचं आणि बरोबर होतात म्हणून सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पर्समध्ये डबीएवढा स्पीकर. दुकानाच्या जागेत आता चावीवाले काका पसरले होते, अप्पांची खोली त्याच्याच वर.

"आज औषधांऐवजी बाजा आणलास?"

"अप्पांची गाणी आहेत, काका. चौघांनी काढलीत."

"तुझ्या चौघांनी? यांची?" काकांच्या हातातली कानस थांबली. मग ते हळूच म्हणाले, "जरा उशीरच केला गं त्यांनी."

अप्पा खाटेवर बसून नखं कापत होते. तिने कपाट उघडलं, मशीन काढलं, त्यांच्या डाव्या कानात बसवलं. कधी नव्हे ते त्यांनी कुरकूर केली नाही. तिने होडीचं गाणं लावलं.

अप्पांनी ऐकलं. भुवया वर गेल्या, मग कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी मशीन काढून तिच्या हातावर ठेवलं.

"कोण आहे हे? पत्रा ठोकतोय कुणीतरी."

"अप्पा, होडीचं गाणं आहे." तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "होडीचं."

"होडीचं?" त्यांनी स्पीकर हातात घेतला, उलटा करून पाहिला, कानाला लावला. मग खाली ठेवला. "नाही बाळ. हे तसं ऐकू येत नाही आता."

तिला जे बोलायचं होतं ते हळू बोलायचं होतं. ओरडून तसलं काही सांगता येत नाही, तरी तिने ओरडून सांगितलं.

"तुम्ही बरोबर होतात."

"कशात?"

"चौघांचं गाणं. पिल्लू म्हणालात ना. तेही तेच म्हणतात. मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले. आरसा फुटला."

खालून काकांची कानस थांबल्याचं तिला जाणवलं. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असणार.

अप्पा नखं गोळा करत राहिले. "पिल्लू. हो, म्हणालो होतो," ते म्हणाले. "बरोबर-बिरोबर काय गं. तू कॉलेजात जायला लागल्यापासून दुकानात टेकतच नव्हतीस. म्हटलं, तुझ्या पोरांचं नाव काढलं तर दोन मिनिटं तरी बसेल. बसली असतीस तर पूर्ण ऐकवणार होतो."

तिने मशीन परत डबीत ठेवलं.

"लाव," अप्पा म्हणाले. "मशीन नको. तू ऐक आणि मला सांग, कुठवर आलं. बाकीचं मी बघतो."

तिने गाणं पहिल्यापासून लावलं. अप्पांनी डोळे मिटले, गुडघ्यावर बोटाने ठेका धरला.

"बाई आली?"

"आली," ती ओरडली.

"पहिलं कडवं झालं की सांग."

"झालं."

"आता दुसरं. त्यात दिवा आहे. आला?"

तिने कान दिला. बाई वाऱ्याबद्दल काहीतरी म्हणत होती. "वारा आलाय, अप्पा."

"वारा तिसऱ्यात. एवढ्यात कसा येईल? नीट ऐक. मागे सारंगी आहे का?"

मागे काहीतरी होतं. एक आवाज बाईच्या आवाजाला टेकून चालला होता. ती सारंगी होती की व्हायोलिन, हे तिला ओळखता येईना. चौघांच्या गाण्यात गिटारची कुठली तार कधी लागते, ते तिने झोपेतही सांगितलं असतं.

"आहे," ती ओरडली. "काहीतरी आहे."

"काहीतरी," अप्पा म्हणाले, आणि मान हलवून हसले. "बरं. असू दे."

त्यानंतर त्यांनी तिला काही विचारलं नाही. ओठ हलत होते, बोट गुडघ्यावर पडत होतं. वाऱ्याचं कडवं संपलं, बाईने पहिली ओळ परत घेतली, वाद्यं एकेक करून थांबली आणि गाणं संपलं. अप्पांचं चाललंच होतं. त्यांच्या डोक्यातली बाई अल्बममधल्या बाईपेक्षाही सावकाश गात असावी. फोनमधून चौघांपैकी कुणीतरी पुढच्या गाण्याविषयी बोलायला लागला. लेकीने त्याला मध्येच बंद केलं.

खोलीत बोटाचाच तेवढा आवाज राहिला. अप्पांना किती कडवी उरलीत, दिवा गेला की अजून यायचाय, हे तिला कळायला मार्ग नव्हता. ते गाणं तिला येत नव्हतं. तिने मांडीवरची पर्स आवाज न करता खाली ठेवली आणि त्यांचं होईपर्यंत ती बसून राहिली.