बाबांची विजेची बिडी

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डांबरी रस्ता सोडून पाऊण तास चढलं की आमची वाडी लागते. तिथे माझे बाबा दोन म्हशी पाळायचे, उतारावर नाचणी लावायचे आणि बिडी ओढायचे. गुरांमागे असताना बाराव्या वर्षी बिडी लागली, असं ते स्वतःच सांगत. सकाळचा त्यांचा खोकला असा की शेजारच्या घरातली माणसं त्यावर उठायची. पण माझी मुलगी झाल्यापासून त्यांनी एक नेम पाळला होता. ती वाडीत आली की बिडी गोठ्यामागे ओढायची. परत येऊन चूळ भरायची, सदरा बदलायचा, आणि मगच तिला उचलून घ्यायचं.

दोन हजार नऊच्या शिमग्याला मी तिला घेऊन माहेरी गेले. मी महाडला शाळेत शिकवत होते, ती तीन वर्षांची होती. मुंबईहून दादाही आला होता. तो एका शेठच्या गाडीवर ड्रायव्हर. शेठने परदेशातून दोन विजेच्या सिगारेटी आणल्या होत्या, त्यातली एक त्याने दादाला दिली आणि दादाने ती बाबांसाठी आणली. पांढरी, सिगारेटएवढीच. ओढली की टोकाला लाल दिवा लागायचा. सोबत औषधाने भरलेल्या छोट्या नळ्या होत्या, संपली की नवी बसवायची. यात तंबाखूच नाही, नुसती वाफ आहे, एकदम सेफ, असं दादाने सगळ्यांना समजावलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबांचं बिडीचं बंडल वळचणीलाच राहिलं. आईला तर फार आवडलं. सदऱ्याला भोकं पडत नव्हती, घरात वास नव्हता. लोडशेडिंगचे दिवस होते. वीज आली की आई हातातलं काम टाकून आधी ती सिगारेट चार्जिंगला लावायची.

तिसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन आले तर बाबा ओटीवर मुलीला मांडीवर घेऊन बसलेले. ते झुरका घ्यायचे, ती लाल दिव्यावर बोट ठेवायची. मग ते हळूच वाफ सोडायचे आणि ती दोन्ही हातांनी धरायला जायची. दोघं हसत होती. मला ते बघवेना आणि मोडवेनाही. खोक्यावरच्या बारीक इंग्रजी अक्षरांत निकोटीन हा एक शब्द मी वाचला होता. मी बाबांना काही बोलले नाही. खोकला दाखवायला माझ्याबरोबर महाडला चला, एवढंच म्हटलं.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी छाती तपासली, एक्स-रे काढायला लावला. बिडीबद्दल स्पष्ट सांगितलं, की आतल्या श्वासनळ्या आवळल्या आहेत, गेलं ते परत यायचं नाही, पण सोडलीत तर उरलेलं राहील. मग मी ती सिगारेट पुढे केली. ते ती बराच वेळ हातात फिरवत राहिले.

"आजोबा, तीस वर्षं बिडी ओढली की काय होतं ते मी रोज बघतो, म्हणून सांगू शकतो," ते म्हणाले. "ही तीस वर्षं ओढलेला माणूस अजून जगात नाही. बिडीपेक्षा कमी वाईट असेलही. पण वाफेबरोबर आत काय जातं आणि पुढे ते काय करतं, मला माहीत नाही."

बाहेर पडून आम्ही चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. वीस मार्चचा सत्याग्रह दिन जवळ आला होता, मांडवासाठी टेम्पोतून बांबू उतरवणं चाललं होतं. बाबा पाण्याकडेच बघत होते. मला वाटलं, रागावले.

"डॉक्टरला पन म्हायत नाय?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"माजं काय गो, माजी छाती जायची ती गेली. पोरीची अजून कोरी हाय. ज्याचं कुनालाच म्हायत नाय, ते मी तिच्या तोंडावर सोडत व्हतो."

तीनच दिवसांचं आहे, काही होत नाही, असं मी म्हणाले, पण तेही मला कुठे माहीत होतं? मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

त्या दिवसापासून विजेची बिडीही गोठ्यामागे गेली. मुलीने लाल दिवा मागितला तेव्हा तो विझला म्हणून सांगितलं. पुढेही वाडीत आली की ती त्यांचा खिसा चाचपत असे.

मे महिन्यात नळ्या संपल्या. दादाला दुसऱ्या कुठे मिळाल्या नाहीत. बाबा पुन्हा बिडीकडे वळले आणि ते मला सांगताना त्यांनी मान खाली घातली. पण दोन महिने सुटल्यामुळे आता ती कडू लागते, असंही म्हणाले. दिवसाला चारावर आले, मग दोनावर. गणपती झाल्यावर त्यांनी ती पुरती सोडायचं ठरवलं. ते दिवस वाईट गेले. आईवर खेकसायचे, ताटावरून उठायचे. एकदा आईलाच दया आली आणि तिने चहाच्या कपाशेजारी एक बिडी ठेवली. बाबा चहा प्यायले आणि बिडी त्यांनी तिच्या हातात परत दिली. हे मला आईने सांगितलं, सांगताना तिचे डोळे भरले होते.

खोकला पुष्कळ कमी झाला. श्वास मात्र अपुरा तो अपुराच राहिला. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला.

थंडीत आम्ही दोघी गेलो तेव्हा बाबा आम्हाला घ्यायला रस्त्यापर्यंत उतरून आले. ती वर्षाची असताना ते तिला खांद्यावर घेऊन एका दमात वर जायचे. आता ती बोट धरून चालत होती आणि वाटेत थांबावं लागत होतं. दम लागला असं ते तिला म्हणाले नाहीत. एकदा पाखराचं घरटं दाखवलं, एकदा मुंग्यांचं वारूळ, एकदा खालची नदी. मी मागून पिशव्या घेऊन चालत होते, मला त्यांच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती. तिला वाटलं, डोंगर असाच थांबत थांबत चढायचा असतो. चौथ्या वळणावर तीच आधी बसली. शेजारच्या दगडावरचा पाचोळा हाताने झाडला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही इथे बसा."

बाबा बसले. आम्हाला काही घाई नव्हती.