सुरकुतलेला अध्यक्ष

बोहुमिलाबाई क्रेयझोव्हा बटाटे हलवायच्या. हीच त्यांची नोकरी. प्रागमधल्या आमच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत मी कॅमेऱ्यामागे, त्या टेबलापाशी. बटाटा केसभर सरकवून त्या बाजूला व्हायच्या, मी एक चित्र घ्यायचो, की पुन्हा बटाटा. सेकंदाला चोवीस चित्रं. दिवसभर राबून पडद्यावर जेमतेम पाच सेकंद. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं, आणि त्यांच्याइतकं नेटकं काम करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

चौऱ्याहत्तर साली दिग्दर्शक हाव्रानेकने बटाट्यांच्या सभेवर सिनेमा काढला. अध्यक्ष भाषण करतो, बाकीचे चमच्यांनी टाळ्या वाजवतात. प्रत्येक टाळीला एकेकाची साल निघते आणि ती पदक होऊन अध्यक्षाच्या छातीवर चिकटते.

"साहेब, हे कुणालाही कळेल हो," बाई म्हणाल्या.

"सिनेमे मंजूर करणाऱ्यांना नाही कळत बाई. तीच तर गंमत आहे!"

गंमत त्याची होती. बाईंच्या मुलीला, रादकाला, त्या वर्षी डॉक्टरकीला प्रवेश हवा होता, आणि त्यासाठी आईच्या कामाच्या ठिकाणचा चांगला दाखला लागायचा. सही स्टुडिओतल्या पक्षाच्या माणसाची, कॉम्रेड पेशेकची. सिनेमांच्या मंजुरी समितीतही तेच बसायचे.

जूनमध्ये समितीने सिनेमा पाहिला. पदकं आली नि गेली, पेशेक जांभया देत होते. हाव्रानेकने मला कोपर मारलं. तेवढ्यात पेशेक सरळ बसले.

"थांबवा. हा अध्यक्ष म्हातारा का होतोय?"

खरंच होत होता. सुरुवातीला तुकतुकीत, शेवटी सुरकुतलेला, डोक्यातून कोंब फुटलेला. बाकीचे मात्र ताजे.

"हा टोमणा कुणाला आहे, कॉम्रेड बाई?"

टोमणा कसला! शूटिंग महिनाभर चाललं होतं. बाकीचे बटाटे छोटे, ते रोज बदलले जायचे. अध्यक्षाच्या मापाचा बटाटा मात्र दुकानात महिनाभर आलाच नव्हता. रोज पहाटे रांगेत उभं राहून बाईंच्या पदरात गोट्यांएवढे पडायचे. पण दुकानात बटाटे नाहीत हे समितीपुढे बोलायचं कसं? ती सरकारची बदनामी झाली असती. मुद्दाम केलं म्हणावं, तर त्याहून वाईट.

हाव्रानेक बुटांकडे बघत बसला. मीही रीळ चाचपत राहिलो. खोटं कशाला बोलू, भ्यालो होतो.

"आळस केला, कॉम्रेड," बाई म्हणाल्या. "बदलायचा कंटाळा आला."

"कंटाळा?"

"बटाटाच तो. म्हटलं, कोण बघतंय!"

पेशेक पोट धरून हसले. "म्हणजे राजकारण नाही, नुसती कामचुकार बाई!"

सिनेमा तरीही कपाटात गेला. बाईंची रवानगी सामानाच्या कोठारात झाली. दाखल्यावर लिहिलं होतं: 'कामात आळशी, राजकीयदृष्ट्या निरुपद्रवी.' तेवढ्यावर रादकाला प्रवेश मिळाला.

जिन्यात मी म्हणालो, "बाई, तुम्ही आणि आळशी?"

"गप्प बसा, यारोश. रादकासमोर हा विषय चुकूनही काढू नका. पोरगी तापट आहे, कॉलेजात बोलून बसेल. आणि आता मला घरी जाऊ द्या हो, फार दमलेय."

कम्युनिस्ट राजवट पडल्यावर सात वर्षांनी बाई गेल्या. दहनानंतर सगळे कॉफीला बसलो. रादका माझ्याशेजारी आली. आता ती मोठी डॉक्टर.

"काका, आईच्या बोटांत जादू होती. पण बाई कामचुकार! कंटाळा केला म्हणून कोठारात टाकलं तिला, स्वतःच सांगायची. मी जन्मभर तिला त्यावरून टोचत आले."

मला स्वतःची किळस आली. आता खरं सांगायला कोण अडवणार होतं मला? पण समोर तिचे रडून सुजलेले डोळे होते, आणि खरं बोलायची माझी सवय केव्हाच मोडली होती.

"होती थोडी," मी म्हणालो.