कंडक्टरबाई आणि पत्र्याचा तुकडा

आमच्या समोरचं जुनं गोदाम पाडायचं ठरलं, तेव्हा कंत्राटदाराने रहिवाशांशी बोलायला एक बाई नेमल्या. त्या पूर्वी बसमध्ये कंडक्टर होत्या. निवृत्तीनंतर घरात करमेना म्हणून त्यांनी ही नोकरी धरली. नाव पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी, पण सगळे कंडक्टरबाईच म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे.

गोदामाचं छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचं. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, पत्रा फुटला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि छातीत जाऊन बसतात, हे कळल्यापासून आमच्या जिन्यात दुसरा विषय नव्हता. माझ्या थोरल्या जाऊबाईंना दमा आहे. दोघींचेही यजमान गेल्यापासून आम्ही एकत्र राहतो आणि एकमेकींच्या चहाला नावं ठेवतो. त्यांनी सांगून टाकलं होतं की धूळ थांबली नाही तर त्या लेकीकडे जाणार. लेक राहते दूर देशी. एकदा गेल्या की परत यायच्या नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

कंडक्टरबाई रोज चहाच्या वेळी चक्कर मारायच्या. ‘काळजी करू नका’ असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. गाडी बंद पडल्यावर ‘आत्ता निघेल’ म्हणणाऱ्या कंडक्टरवर प्रवासी धावून जातात. त्यापेक्षा काय बिघडलंय ते सांगावं, असं त्यांचं मत. म्हणून त्या सांगायच्या, पत्रे आधी ओले करतात, बोल्ट काढून अख्खे उतरवतात आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात. पांढरे डगले घातलेले कामगार पाहून तळमजल्यावरचे वकील कडाडले की त्यांना मास्क, मग आम्हाला काय? बाईंनी त्यांना गच्चीवर खुर्ची टाकून दिली आणि एक जरी पत्रा फेकलेला दिसला तरी फोन करा, काम थांबवते, म्हणाल्या. सबंध बस भांडायला लागली की सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाला दारात उभं करून थांबे ओरडायला लावायचे, ही त्यांची जुनी युक्ती. वकील खूश झाले. जाऊबाईंवर मात्र मात्रा चालेना.

मग खालच्या हॉलमध्ये बैठक झाली. जाऊबाई उठल्या, पर्समधून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा टेबलावर आपटला.

“तुमचे पत्रे फुटत नाहीत ना? मग हा आमच्या अंगणात चालत आला का?”

ज्याच्या भीतीने आम्ही खिडक्या घट्ट लावून उकडून निघत होतो, तेच त्या चष्मा आणि इन्हेलरच्या शेजारी ठेवून घेऊन आल्या होत्या. वकिलांची खुर्ची आधी मागे सरकली, मग आमच्या सगळ्यांच्या.

कंडक्टरबाईंनी आवाजही चढवला नाही. “पंखा बंद करा कुणीतरी. काकू, आता त्याला हात लावू नका.” तांब्यातलं पाणी त्यांनी हळूच तुकड्यावर ओतलं, हातात पिशवी घालून तो उचलला, दुसऱ्या पिशवीत बांधला. टेबल ओल्या फडक्याने पुसून फडकंही बांधलं. पर्सही मागून घेतली. मग जाऊबाईंच्या शेजारी बसून हलकेच विचारलं, कुठे सापडला?

“मागे, सायकलींच्या शेडखाली.”

“याला हिरवा रंग आहे, काकू. गोदामाचे पत्रे रंगवलेले नाहीत.”

हे त्या अगदी हळू म्हणाल्या. मी शेजारी होते म्हणून ऐकलं. हिरवी शेड आमचीच, तशाच सिमेंटच्या पत्र्यांची, आणि तिचा कोपरा कित्येक वर्षं फुटका. आणि समोरची धूळ नको म्हणून जाऊबाई हल्ली रोज संध्याकाळी तिच्याखालीच मोकळी हवा खात बसायच्या.

बाईंनी हे मोठ्याने सांगितलं असतं तर बैठक तिथेच त्यांच्या खिशात गेली असती. त्या मात्र पिशवीची गाठ आवळत राहिल्या. थोड्या वेळाने जाऊबाईच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुकडा आपल्याच शेडचा आहे. माझी चूक झाली.”

“म्हणजे आता आमच्यावर दावा लावणार का, काकू?” वकिलांनी टोला हाणला.

“लावते की. वकील मात्र चांगला बघावा लागेल.”

हशा ओसरल्यावर त्या बाईंकडे वळल्या. आवाज बारीक झाला होता. “मला कितपत बाधलं असेल हो?”

“ते मला नाही सांगता येणार. डॉक्टरांना विचारू. मी येते बरोबर.”

आणि त्या खरंच आल्या, स्वतःची सुट्टी टाकून. डॉक्टर म्हणाले, छाती होती तशीच आहे, शेडखाली बसणं बंद, अधूनमधून दाखवायला या. शेडचे पत्रेही त्याच कामगारांकडून उतरवायला बाईंनी कंत्राटदाराला राजी केलं.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. मी स्वयंपाकघरात भांडी आवाज न करता ठेवत होते.

“नाही गं, सध्या यायला जमायचं नाही,” जाऊबाई सांगत होत्या. “इथे शेड उतरवायची आहे. या लोकांच्या भरवशावर सोडून कशी येऊ? ती कंडक्टरीण एकटी कुठे कुठे बघणार?”